जुन्या फॉन्टमधली स्मरणिका आणि फोरमवरची माणसं

इंटरनेटवरच्या एका मदतीच्या फोरमवर मी टाकलेला पहिला प्रश्न दोन ओळींचा होता. जुन्या मराठी फाइली आहेत, उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात, मराठी कसं दिसेल? उत्तरं लवकर आली, पण ती सगळी उलट प्रश्नच होती. फाइल कुठल्या प्रोग्रॅममध्ये बनवली? नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे? फॉन्टचं नाव माहीत आहे का? छापील प्रत असेल तर एका परिच्छेदाचा फोटो आणि त्याच परिच्छेदाची फाइलमधली अक्षरं शेजारीशेजारी टाकाल का? आणि एका गृहस्थांनी एवढंच विचारलं, "ताई, तुम्हाला मराठी फक्त दिसायला हवंय, की मजकूर हवाय?"

पुढच्या सगळ्या कामाची दिशा या प्रश्नानं ठरली. नुसतं दिसायला हवं असेल तर जुना फॉन्ट मिळवून कॉम्प्युटरवर टाकला की भागतं. पण तो मजकूर मोबाइलवर वाचायचा, त्यात एखादं नाव शोधायचं, कुणाला पाठवायचा असेल, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणात, आणावा लागतो. मला मजकूर हवा होता.

आमचं वाचनालय कऱ्हाड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात आहे, ब वर्गाचं. मी तिथली कार्यवाह. १९९८ साली वाचनालयाला शंभर वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढली होती. शुभेच्छा, जाहिराती, देणगीदारांची यादी हे त्यात आहेच. पण त्या वेळच्या मंडळींनी एक फार मोलाचं काम करून ठेवलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतल्या. प्रतिसरकारच्या दिवसांत रानात लपलेल्या भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायका त्यात बोलतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात कुणाच्या घराची कुठली भिंत पडली ते त्यात आहे. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांनी सांगितलेली मजुरी आहे. सांगणारी बहुतेक माणसं आता हयात नाहीत, त्यामुळे हे पुन्हा कुणाला विचारायची सोय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी वाचनालयात शिरलं आणि खालच्या कपाटातल्या गठ्ठ्यांचा लगदा झाला. एका सभासदाकडे एक प्रत निघाली, तिची शेवटची पानं नाहीत. आणि स्मरणिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्या काकांनी दुकान बंद करताना वाचनालयाला दिलेली एक सीडी निघाली.

हे सगळं मी फोरमवर लिहिलं. सोबत फाइलींची नावं, पडद्याचा फोटो, छापील परिच्छेदाचा फोटो आणि मला शेवटी काय हवंय ते एका वाक्यात. तिथून चर्चेला धार आली. मदत करणारी माणसं दिवसाची नोकरी सांभाळून रात्री उत्तरं लिहितात. आपल्यासमोर काय दिसतंय हे त्यांना जितकं नेमकं कळेल तितकं त्यांचं उत्तर कामाचं होतं. "चालत नाही" याऐवजी पडद्यावर आलेला संदेश शब्दन् शब्द उतरवून दिला की तोच शोधून कुणीतरी नेमकं बोट ठेवतं, हे मी तिथे पुन्हा पुन्हा पाहिलं.

पहिला सल्ला सीडीबद्दल होता. सीडी जुनी आहे, तिच्यावरून फाइली एकेक करून ओढू नका, आधी अख्ख्या सीडीची एक प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन सुचवलं. ते न वाचता येणाऱ्या जागा आधी सोडून देतं, चांगला भाग उचलतं आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतं. कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतं, म्हणून मध्ये वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. आमच्याकडे वीज जाते, त्यामुळे ही सोय फारच उपयोगी पडली. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) कसं सुरू करायचं आणि आज्ञा कशी टाइप करायची, हे सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी एकेका शब्दाचा अर्थ देऊन लिहिलं होतं. हा शब्द साधनाचं नाव, हा सीडी ड्राइव्ह, ही तयार होणारी प्रतिमा, ही नोंदवही. अर्थ कळला म्हणून आज्ञा चालवताना मनात धास्ती राहिली नाही.

याच सुमारास मला एकाचा खासगी निरोप आला. एक ॲप टाका, मी इथून तुमचा कॉम्प्युटर हातात घेतो आणि दहा मिनिटांत करून देतो, थोडे पैसे लागतील. मी तो निरोप तसाच उघड चर्चेत विचारला. जुन्या सभासदांनी एका सुरात सांगितलं की अनोळखी माणसाला दुरून कॉम्प्युटर चालवायला द्यायचा नाही, ओटीपी आणि बँकेचं सगळं त्याच यंत्रावर असतं. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगितलं तर चूक असेल तिथे दुसरा टोकतो. मला हा नियम मनापासून पटला. उघड चर्चेतल्या सल्ल्याला चार जण तपासणारे असतात, खासगीतल्याला कुणीच नसतं.

फाइलींच्या नावाशेवटी पी६५ होतं, म्हणजे पेजमेकर ६.५. त्या काळी महाराष्ट्रातलं किती तरी डीटीपी पेजमेकरवर होत असे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, सगळं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची, नंतर तो बंद झाला. लिबर ऑफिस हा वर्डसारखा मोफत प्रोग्रॅम २०१५ पासून, म्हणजे ४.४ आवृत्तीपासून, पेजमेकरच्या फाइली उघडतं, असं एकानं सांगितलं. उघडल्याही. पानाची रचना दिसली, चौकटी दिसल्या, पण लेख एका चौकटीतून दुसरीत वाहत नेलेले असल्यानं मजकूर तुकड्यातुकड्यांत आला. तेव्हा नागपूरच्या एका गृहस्थांनी आपण होऊन सांगितलं की त्यांच्याकडे विंडोज एक्सपीचं जुनं यंत्र आणि त्यावर पेजमेकर अजून चालू स्थितीत आहे. स्मरणिका छापून वाटलेलीच होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी फाइली पाठवल्या.

त्यांनी प्रत्येक लेख बाहेर काढला तो साध्या मजकुराच्या फाइलीत नाही, आरटीएफमध्ये. कारणही लिहिलं. साध्या मजकुरात कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता हे पुसलं जातं. आमच्या स्मरणिकेत जाहिरातींमध्ये खरं इंग्रजी आहे, दुकानांची नावं आहेत. आरटीएफमध्ये फॉन्टचं नाव टिकतं, म्हणून कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा प्रोग्रॅम, मराठी फॉन्टमधलंच बदलतो आणि इंग्रजीला हात लावत नाही. आणखी एक ताकीद दिली. या फाइली वर्डमध्ये उघडण्याआधी त्यातली आपोआप दुरुस्ती बंद करा. वर्ड सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार अवतरणचिन्ह करतो, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो. इंग्रजीत त्यानं काही बिघडत नाही, पण जुन्या मराठी फॉन्टमध्ये त्या अवतरणचिन्हाच्या जागी एखादं अर्ध अक्षर बसवलेलं असतं आणि छोट्या-मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या जागी वेगवेगळी मराठी चिन्हं असतात. वर्डनं "सुधारलं" की मराठी अक्षरच बदलतं. आणि कुठल्याही टप्प्यावर ओळीनं प्रश्नचिन्हं दिसू लागली तर तिथेच थांबून मूळ फाइलीकडे परत या, कारण प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर कुठलं होतं हे त्या फाइलीतून पुन्हा कधीच कळत नाही.

हे असं का, ते बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलीनं फार छान समजावलं. जुन्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा, त्यातल्या काही कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. उरलेल्या जागांत अख्खी देवनागरी बसवायची. म्हणून त्यांनी अक्षरं न साठवता छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांसारखे आकार साठवले. अर्धा ग वेगळा, काना वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले की पूर्ण ग. कुठला आकार कुठल्या जागेवर ठेवायचा हे प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्यानं आपल्या मतानं ठरवलं. कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला "भारत" त्या फॉन्टशिवाय उघडला तर एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. पहिल्या दोन मिळून भ, तिसऱ्याचा काना, मग र आणि त. आमचा फॉन्ट कृतीदेव नव्हता, त्या वेळच्या दुसऱ्या एका पॅकेजमधला होता, त्यामुळे आमच्या अक्षरांची मांडणी निराळी. भारतीय लिप्यांच्या साठवणुकीचं इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, युनिकोडही त्याच वर्षीचा, पण डीटीपीला छपाईपुरते आकार हवे होते आणि ते या फॉन्टांतून चोख मिळत होते. छापून झालं की फाइलीचं काम संपलं, असाच सगळ्यांचा हिशोब होता.

आता कामाची वाटणी झाली. तक्ता मी करायचा, प्रोग्रॅम बंगळूरची मुलगी लिहिणार. एका बाजूला जुन्या फॉन्टमधलं चिन्ह, दुसऱ्या बाजूला त्याचं युनिकोड. छापील पान आणि फाइल शेजारी ठेवून मी एकेक आकार ओळखत गेले. हे काम मला फार आवडलं. क्त, द्ध, ष्ट, ह्म अशी जोडाक्षरं अख्खी एका जागेवर बसवलेली सापडायची. तक्ता वापरताना मोठे तुकडे आधी बदलायचे आणि लहान नंतर, हे तिनं बजावलं होतं. आधी सुटा काना बदलला तर ज्या अक्षरांच्या आकारात काना धरलेला आहे ती सगळी फुटतात.

तक्ता पूर्ण झाला तरी वाचता येण्यासारखं मराठी लगेच येत नाही. पहिली अडचण वेलांटीची. छपाईत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधीच टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची असते, दिसायला मात्र आधी दिसते. "किती"मध्ये हे सोपं आहे, वेलांटी एका क वरून पलीकडे टाकायची. "स्थिती"मध्ये तिला अर्धा स आणि थ असं अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं याच्या उलट. "सर्व"मध्ये जुन्या फॉन्टला स, व आणि मग डोक्यावरचा रफार असा क्रम लागतो, युनिकोडला र आधी हवा. "मूर्ती"मध्ये रफार दीर्घ वेलांटीच्याही नंतर टाइप केलेला, त्याला वेलांटी आणि त असं दोन्ही ओलांडून मागे यायचं. "दुर्मिळ" या एका शब्दात वेलांटी पुढे जाते आणि रफार मागे येतो. शिवाय रफार आणि अनुस्वार मिळून एकच आकार होता, "वर्षांत"साठी, त्याचे आधी दोन भाग करावे लागले. तिनं मला फोरमवर सांगितलं की असे अवघड शब्द शोधून द्या, त्यांवर प्रोग्रॅम तपासू. मी यादी केली. धार्मिक, कीर्तिवंत, स्त्रियांनी, आर्थिक, सर्वांनिशी. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती यादी पुन्हा चालवून पाहायची, म्हणजे एक शब्द सुधारताना दुसरा बिघडला तर लगेच दिसतो.

मग कऱ्हाड आलं. आमच्या स्मरणिकेत कऱ्हाड पानोपानी आहे, आणि ते सगळीकडे "कर्हाड" झालं होतं. शेतकऱ्यांचं "शेतकर्यांचं", दऱ्यांचं "दर्यांचं", वऱ्हाडाचं "वर्हाडाचं". प्रोग्रॅमचा पाया हिंदीसाठी बनवलेल्या एका कन्व्हर्टरवरून घेतलेला होता आणि हिंदीला हा आडवा र लागतच नाही, म्हणून त्याचाही साधा रफार केला जात होता. दऱ्या आणि दर्या यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, पण प्रोग्रॅमला सांगावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये आडव्या अर्ध्या र ला स्वतंत्र जागा होती, त्यामुळे दुरुस्ती सरळ होती.

त्यातून निघालेला मुद्दा मात्र कुणीतरी वेळेवर काढला नसता तर आम्हाला कळलाही नसता. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडायचा. दुसरी जुनी रीत, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं. पण फाइलीत शोध घेताना एका रीतीनं टाइप केलेलं कऱ्हाड दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं कऱ्हाड शोधत नाही. आमच्या मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ऱ स्वतंत्र मिळतो, वाचक तोच वापरून शोधणार, म्हणून आम्ही सगळीकडे पहिली रीत ठेवली. ॲ चं तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचे कन्व्हर्टर अ वर चंद्र ठेवतात किंवा हिंदी पद्धतीचा ऍ घालतात. ॲडव्होकेट म्हणून शोधलं तर तिन्ही वेगळे शब्द. तेही एकसारखे केले.

स्कॅन करून ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून कॉम्प्युटरनं अक्षरं ओळखणं, का केलं नाही, हे फोरमवर बऱ्याच जणांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. टेसरॅक्ट हे ओसीआरचं साधन मराठी वाचतं आणि स्वच्छ पानावर चांगलं वाचतं. आमची एकुलती प्रत पुराच्या ओलीनं फुगलेली नसली तरी कागद पिवळा, शाई मागच्या पानाची दिसणारी, आणि बोलीतले शब्द. "व्हतं", "म्होरं", "आमास्नी" अशा शब्दांत ते घोटाळत होतं. शिवाय शेवटची पानं त्या प्रतीत नव्हतीच. पण ओसीआरचा दुसरा उपयोग नागपूरच्या गृहस्थांनी सुचवला आणि तो मला या सगळ्यातला सर्वांत हुशारीचा वाटला. कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर आणि ओसीआरनं वाचलेला मजकूर दोन्ही एकमेकांशी ताडून पाहा. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या जागी चुकतात, म्हणून जिथे दोन्ही जुळतात तिथे मजकूर बहुधा बरोबर. जिथे फरक दिसेल तेवढंच डोळ्यांनी तपासा. त्यामुळे अख्खी स्मरणिका ओळीनं वाचून तपासायची गरज उरली नाही, तरी आठवणींचा विभाग मी ओळीनं वाचलाच. बोलीतला शब्द कुणी "सुधारून" प्रमाण मराठीत नेऊ नये, याची मला काळजी होती. छापील पानं नव्हती त्या भागासाठी गावातल्या दोन वयस्क सभासदांना बसवून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. आडनावं आणि वस्त्यांची नावं त्यांनी लगेच ओळखली.

काम होत आलं तेव्हा बंगळूरच्या मुलीनं मला एक काम सोपवलं. आतापर्यंतची चर्चा खूप लांबली होती, निम्मे सल्ले मधल्या काळात बदललेले. नव्यानं येणाऱ्याला त्यातून वाट सापडणार नाही. तर शेवटचा तक्ता, प्रोग्रॅम, अवघड शब्दांची यादी आणि कुठल्या क्रमानं काय केलं, हे सगळं एका नोंदीत लिहून चर्चेच्या वर लावायचं, आणि शीर्षकात फॉन्टचं नाव घालायचं, कारण अडलेला माणूस फॉन्टच्या नावानंच शोध घेतो. मी ते मराठीत लिहिलं, तिनं इंग्रजीत. मला या लेखनाला वेळ लागला, पण ते करताना काही गोष्टी पहिल्यांदा नीट कळल्या. उदाहरणार्थ, रफार आधी हलवायचा की वेलांटी, याला निश्चित क्रम लागतो. आधी वेलांटी आपल्या जागी गेली पाहिजे, मगच रफाराला किती मागे जायचं ते कळतं.

ती नोंद वाचून सोलापूरकडच्या एका सहकारी संस्थेतले गृहस्थ आले. त्यांच्याकडे त्याच फॉन्टमधले जुने वार्षिक अहवाल आणि सभेची इतिवृत्तं होती. त्यांनी तक्ता चालवला आणि कळवलं की साध्या अक्षरांत सगळं बरोबर येतंय, पण ठळक अक्षरांच्या फॉन्टमध्ये काही चिन्हांच्या जागा वेगळ्या आहेत. कारण त्या पॅकेजमध्ये ठळक हा वेगळाच फॉन्ट होता, त्याची आवृत्तीही निराळी. आमच्या स्मरणिकेत ठळक अक्षरं थोडीच होती आणि ती नेमकी या चिन्हांशिवायची, म्हणून आम्हाला ते दिसलंच नव्हतं. त्यांनी आपल्या अहवालांतले नमुने दिले, तक्त्याला ठळक अक्षरांसाठी तिसरा रकाना जोडला गेला.

मथळ्यांचा नक्षीदार फॉन्ट अजून कुणाला उलगडलेला नाही. आमच्या स्मरणिकेतले मथळे मी हातानं टाइप केले, कारण ते थोडे होते. सोलापूरच्या गृहस्थांकडे मात्र इतिवृत्तांचे मथळे वर्षानुवर्षांचे आहेत, म्हणून त्यांनी या फॉन्टचा तक्ता हाती घेतला आहे. ज्ञ, श्र आणि क्ष असलेले मथळे त्यांना नमुन्यासाठी हवे होते. स्मरणिकेत ज्ञ आणि श्र चे मिळाले, ते फोटोसकट चर्चेत टाकले आहेत. क्ष असलेला मथळा कुणाकडे त्या फॉन्टमध्ये असेल तर त्यांना हवा आहे.